मायनस ए विसरलो

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

उद्या लिनक्सच्या प्रॅक्टिकलचं सबमिशन आहे आणि मी आत्ता जेवलोय. भात गार, आमटी गार, फक्त आई गरम.

झालं असं की सरांनी सांगितलेलं, नुसत्या कमांडी लिहून आणू नका, टर्मिनलवर, म्हणजे कमांडी टाईप करायच्या खिडकीत, जे जे झालं ते सगळं फाईलमध्ये पाहिजे, म्हणून आधी स्क्रिप्ट ही कमांड टाईप करायची, मग काम, शेवटी एक्झिट, की टाईपस्क्रिप्ट नावाची फाईल तयार. ही कमांड १९७९ च्या थ्री बीएसडी या जुन्या युनिक्सपासून आहे, म्हणजे आमच्या पप्पांपेक्षा वयाने मोठी. काल दोन तास बसून दहातली सात प्रॅक्टिकल उरकली. आज विश्रामबागेतनं क्लास करून आलो, उरलेली तीन करायला परत स्क्रिप्ट मारलं आणि कालचं सगळं गेलं. फाईल आहे, नाव तेच आहे, आत फक्त आजचं. जुन्याच्या खाली जोडायचं तर स्क्रिप्टच्या पुढे मायनस ए द्यायला लागतंय, नाहीतर ते सरळ जुन्यावर नवीन लिहितंय. मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडीच्या माहितीच्या पानात, आहे की सगळं. मॅन पेज मी फाईल गेल्यावर वाचलं.

हिस्ट्रीत कमांडी सापडल्या, पण तिथे आपण काय टाईप केलं तेवढंच असतंय, समोरनं काय आलं ते नाही. म्हटलं चला, त्याच परत मारू. तर फोल्डर करायची कमांड एमकेडीआयआर, ते म्हणतंय फाईल एक्झिस्ट्स, कारण फोल्डर कालच केलेला. सीएचमॉडने परमिशन बदलायच्या आधीची दाखवायची तर फाईल कालपासनं ७५५ वरच, म्हणजे बदललेल्या परमिशनवरच, बसलीय, आधी आणि नंतर सेम टू सेम. शेवटी अख्खं फोल्डर उडवलं आणि पहिल्यापासनं सुरू.

आता काल त्या छोट्या शेल प्रोग्रामने परमिशन डिनाईड, परमिशन डिनाईड करत माझी वीस मिनिटं खाल्लेली, स्पेलिंग तपासलं, फाईल पुसून परत लिहिली, मग कळलं की परमिशनच्या आकड्यात वाचायचे ४, लिहायचे २ आणि चालवायचा १ अशी बेरीज असते, आणि मी ६ वरच थांबलेलो. आज ते माहीत असल्यामुळे पहिल्या झटक्यात चाललं. नवीन फाईल वाचली तर वाटतंय पोरगं अभिमन्यूसारखं पोटातनंच शिकून आलंय. ते काय बरं वाटेना, म्हणून मुद्दाम सीएचमॉडच्या आधी एकदा चालवून एरर काढून घेतला. खराच एरर, पण नाटकातला.

पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, रोजकीर्दीत आकडा चुकला तर आम्ही रबर लावत नाही, एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मग थोडं थांबून म्हणाले, "तू तर अख्खं पानच फाडलंस की रे." कशाला सांगितलं असं झालं मला.

अजून एक लफडं. फाईल एडिटरमध्ये उघडली की जिथे जिथे एलएस, म्हणजे फोल्डरमधली यादी दाखवायची कमांड, मारलाय तिथे चौकोनी कंस, शून्य एक, अर्धविराम, चौतीस, एम असला कचरा. ते फोल्डरचं नाव रंगीत दाखवायचे कोड असतात, ३४ म्हणजे निळा, टर्मिनलवर फाईल दाखवणाऱ्या कॅट कमांडने बघितलं तर छान निळं दिसतं. मी एलएसला कलर नेव्हर लावून परत घेतलं, दहा मिनिटांचं काम. पण आमच्या दोस्ताने संध्याकाळी फोटो टाकलेत, त्याने तो कचरा आऊटपुट समजून जर्नलमध्ये हाताने उतरवलाय, पाच पानं, सुवाच्य अक्षरात, आणि तेही निळ्या पेनने.

त्याला अजून सांगितलं नाही. आत्ता मेसेज टाकला तर रात्रभर लिहीत बसेल, सकाळी टाकला तर मला धरून मारेल.