रापणं

मे महिन्यात तारकर्लीला चार दिवस समुद्रात डुंबून भाचा परत आला, की लवकरच त्याच्या खांद्यांवरची कातडी सुटायला लागते. आजी डाळीचं पीठ दह्यात कालवते, भाची पार्लरमधल्या डी-टॅनचे दर सांगते. मला मात्र तो पापुद्रा चिमटीत धरून उजेडात बघायची खोड आहे. पातळ, धुरकट, त्यावर बारीक चौकड्यांची जाळी. घरच्यांना किळस येते, येवो. त्या पापुद्र्यातल्या बऱ्याच पेशी आपणहून मेलेल्या असतात.

आईकडून आनुवंशिक मजकुराची तीनशे कोटी अक्षरं, वडिलांकडून साधारण तेवढीच, असा सुमारे दोन मीटर डीएनए एकेका पेशीत कोंबलेला असतो. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले, की शेजारशेजारची दोन थायमिनं (थायमिन हे त्यातलंच एक अक्षर) एकमेकांना चिकटतात आणि धागा तिथे वाकतो. मग सुरू होतं रफूकाम. प्रथिनं वाकलेली जागा हुडकतात, दोन्ही बाजूंना कात्री लावून तीसेक अक्षरांचा तुकडा उचलून टाकतात आणि समोरच्या धाग्यावरचा नमुना बघून नवा तुकडा विणतात. शिवण कुठे आहे ते शोधून दाखवा! ज्या मुलांमध्ये जन्मतःच ही कात्री चालत नाही, त्यांना झिरोडर्मा पिगमेंटोझम नावाचा आजार असतो. त्यांच्यासाठी दुपारचं अंगण म्हणजे कर्करोगाला आमंत्रण.

आणि ऊन नसलं तरी सुटका नाहीच. अंगातली ऊब आणि पाणी एवढ्यानेच एका पेशीतली दिवसाकाठी सुमारे १० हजार अक्षरं गळून पडतात. डीएनए इतका कच्चा असेल तर दुरुस्ती सतत चालूच असली पाहिजे, हे टोमास लिंडाल यांनी ताडलं आणि ती शोधूनही काढली. त्यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्याबरोबर.

यातले संजार माझे आवडते. तुर्कस्तानातल्या सावूर गावचे, काही काळ तिथेच डॉक्टरकी केलेले. अमेरिकेत गेल्यावर ते ज्या फोटोलायेझच्या मागे लागले, त्याची गोष्ट एका खिडकीपासून सुरू होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस आल्बर्ट केल्नर अतिनील किरणांनी मारलेले जिवाणू पुन्हा कसे जगतात ते बघत होते. आकडे काही केल्या जुळेनात. तापमानावर संशय घेऊन झाला. शेवटी लक्षात आलं, की बाटल्या खिडकीजवळच्या टेबलावर आहेत आणि काहींवर उजेड जास्त पडतो. साध्या उजेडाच्या जोरावर चिकटलेली थायमिनं सोडवणारं प्रथिन म्हणजे फोटोलायेझ. ना कात्री, ना विणकाम. जिवाणूंकडे ते आहे, झाडांकडे आहे, कांगारूच्या गोतातल्या पोटोरूकडेही आहे. आपल्याकडे नाही! त्याचे भाऊबंद तेवढे उरलेत, तेही दिवसरात्रीचं घड्याळ सांभाळतात.

नुकसान दुरुस्तीच्या पलीकडे गेलं, की पी५३ नावाचं प्रथिन पुढे होतं. एरवी ते तयार होतं तसं लगेच मोडलंही जातं. डीएनए तुटला की मात्र साठू लागतं. आधी ते पेशीचं विभाजन थांबवतं, म्हणजे चुकीची नक्कल पुढच्या पिढीत जायला नको. तरी निभत नसेल, तर पेशीला मरायला लावतं. ज्या पापुद्र्यावरून भाच्याची एवढी चेष्टा होते, त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे. कर्करोगाच्या जवळपास निम्म्या गाठींत पी५३चं जनुकच बिघडलेलं सापडतं. हत्तीकडे या जनुकाच्या वीसेक प्रती आहेत. एवढ्या अवाढव्य देहाला त्या लागतही असतील.

रापण्याचा हुकूमही पी५३च देतं, हे २००७ साली कळलं. त्याच्या इशाऱ्यावर रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात, शेजारच्या पेशींना वाटतात, आणि त्या पेशी ते कण डीएनए असलेल्या केंद्रकाच्या नेमके वर, उन्हाच्या बाजूला रचून ठेवतात. हा बंदोबस्त आपण पैसे मोजून खरवडून काढतो.

अर्थात मेलॅनिनही धुतल्या तांदळाचं नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की सावलीत आल्यावरही तीन तासांहून जास्त वेळ रंगपेशींमध्ये थायमिनं चिकटत राहतात, आणि त्यात मेलॅनिनचाच हात असतो. तेव्हा डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून स्कूटर हाणणाऱ्या पुण्याच्या पोरींवर खुशाल विनोद करा. त्यांच्या गालांवरच्या पेशींना कात्री जरा कमी चालवावी लागते.