दोन लिफ्टसाठी सोळा महिने

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. टीव्हीवर सगळे त्यांचे चेहरे बघत होते. मी मात्र लिफ्ट चालू आहे का ते शोधत होते. सव्वीस वर्षं अंदाजपत्रकं आणि निविदा केल्यावर नजर तिथेच जाते.

आमच्याकडे पूर्व उपनगरात पुनर्वसनाची एक चौदा मजली इमारत होती. रंग झालेला, नळाला पाणी आलेलं, दारांवर नंबर टाकलेले. लिफ्ट मात्र नव्हती. लिफ्ट हे विद्युत शाखेचं काम, म्हणून त्याचं अंदाजपत्रक वेगळं, मान्यता वेगळी, निविदाही वेगळी. ती फाइल हलली तेव्हा बाराव्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला होता. पहिली निविदा दोघांनीच भरली. किमान तीन हव्यात, म्हणून मुदतवाढ, मग फेरनिविदा. दुसऱ्या वेळी तिघे आले, पण एकाच्या बयाणा रकमेच्या, म्हणजे निविदेसोबतच्या अनामतीच्या, कागदात चूक निघाली आणि तो पहिल्याच, कागदपत्रांच्या लिफाफ्यात बाद झाला. पुन्हा दोन. तोवर बाजारातले भाव वाढलेले, त्यामुळे अंदाजपत्रक सुधारा, पुन्हा तांत्रिक मान्यता घ्या. तिसऱ्या खेपेला कार्यादेश निघाला. लिफ्टचा परवाना नाही म्हणून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची परवानगी, नाही, ते नाही म्हणून चावी नाही. सोळा महिने इमारत रिकामी उभी होती.

संक्रमण शिबिरातून एक आजी दर महिन्याला यायच्या. माझ्या टेबलापाशी उभ्या राहून म्हणायच्या, "बाई, आम्हाला लिफ्ट नको. लालबागला तीन जिने चढून पाणी भरलंय मी. चावी तेवढी द्या." त्यांना परवान्याचा नियम समजावताना माझाच आवाज बसायचा.

हे नियम उगाच आलेले नाहीत. ई-निविदेच्या आधीचे दिवस मी पाहिलेत. निविदेची पेटी असलेल्या खोलीबाहेर माणसं उभी असायची, नवख्या कंत्राटदाराला आत पाऊल टाकता यायचं नाही. ते दिवस परत नकोत. पण तीन निविदा मागायच्या आणि तिसरा माणूस का येत नाही हे विचारायचंच नाही, हे कसं चालेल? मी तेव्हा एका पुरवठादाराला फोन करून विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, काम करायला हरकत नाही. पण तुमचं बिल निघायला एक दिवाळी जाते आणि दुसरी येते. तेवढा पैसा मी अडकवू कुठून?"

माझ्या मते खरी गाठ इथे आहे. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची नोंदवही, भरली, बिल लेखा विभागात गेलं, शंका काढून परत आलं, की चांगला छोटा कंत्राटदार पुढच्या वेळी फिरकत नाही. जो येतो, तो थांबण्याचं व्याज दरातच लावतो. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ ला काढलेल्या सूचनांमध्ये याचं उत्तर आहे: चालू बिल, म्हणजे काम सुरू असताना झालेल्या भागाचं बिल, सादर झालं की दहा कामकाजी दिवसांत किमान ७५ टक्के रक्कम द्या, तपासणी पूर्ण करून उरलेली नंतर. हाच नियम शहरातल्या घरबांधणीच्या प्रत्येक कंत्राटात हवा. आणि लिफ्ट, पंप, अग्निशमन ही कामं इमारतीच्या मूळ निविदेतच घाला. पाया खणताना ठाऊक असतं की चौदाव्या मजल्यावर माणसं राहणार आहेत.

आजींना शेवटी नवव्या मजल्यावर घर मिळालं. चावी घ्यायला मुलगा आला होता. सोळा महिन्यांत त्यांचे गुडघे गेले होते. त्या खाली रिक्षात बसून होत्या.