माउंट काढल्यानंतरची नोंद

सायकलच्या हँडलबारवरचं फोन अडकवायचं माउंट काढून टाकलं होतं. आता फोन सीटखालच्या सॅडल बॅगेत जातो आणि राइड संपेपर्यंत सहसा तिथेच राहतो. हे आता अंगवळणी पडलंय, म्हणून लिहितोय.

येणाऱ्या कॉलचा प्रश्न लगेच सुटला. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं आणि घरच्यांचे नंबर तेवढे मोकळे ठेवले. जास्त वेळ लागला तो स्वतःहून खाली बघायची सवय मोडायला. वेग किती झाला, वळण कधी येतंय, राइड रेकॉर्ड होतेय ना, या प्रश्नांसाठी फोन वाजावा लागत नाही.

ताशी २५ किलोमीटरला सायकल सेकंदाला जवळपास ७ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीन बघितली की १४ मीटर रस्ता न बघता पार झाला. एवढ्यात खड्डाही येतो आणि उभ्या गाडीचं दारही उघडतं. फोन हातात असेल तर आणखी वाईट, कारण बोटांखाली एकच ब्रेक उरतो. तो मागचा असेल तर थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. जोरात ब्रेक लावताना वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक घसरायला लागतं. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१९ पासून सायकलवर फोन हातात धरायला बंदी आहे. माउंटवरचा फोन त्या बंदीत येत नाही, पण नजर तर तेवढीच हटते. मला म्हणूनच माउंट नको वाटतं.

आता रेकॉर्डिंग निघण्याआधीच सुरू करतो आणि ऑटो-पॉज चालू ठेवतो, म्हणजे थांबलो की रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. वेगासाठी साधा वायरवाला सायकल कॉम्प्युटर आहे. त्यात मेसेज येत नाहीत, हाच त्याचा मोठा गुण. नवीन रस्ता असेल तर वळणं ठळक अक्षरात कागदावर लिहून स्टेमवर, म्हणजे हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागावर, चिकटवतो. वर पारदर्शक टेप लावली की घामानं शाई पसरत नाही. फोटो काढायचाच असेल तर आधी मागे बघायचं, हात दाखवायचा, रस्ता सोडून पूर्ण बाहेर यायचं आणि मगच बॅग उघडायची. ग्रुपमध्ये हे जास्तच पाळावं, कारण मागचा आपल्या चाकाला चिकटून येत असतो.

अनोळखी शहरात मात्र कागद पुरत नाही. तिथे फोन टॉप ट्यूबच्या (सीटपुढच्या आडव्या नळीवरच्या) बंद बॅगेत ठेवून स्पीकरवर दिशा ऐकायचा विचार आहे. मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी, त्यामुळे इअरफोन नकोत. रहदारीत तो आवाज पुरतो का, कोणी वापरत असेल तर सांगा.