अक्षरजुळणीच्या संगणकापासून ब्राउझरपर्यंत: मराठी मजकुराचा प्रवास

विकत घेऊन आपल्या संगणकावर बसवायचे सॉफ्टवेअर मागे पडले आणि त्याची जागा ब्राउझरमधून चालणाऱ्या सेवांनी घेतली, या बदलाबद्दल बोलताना बहुतेक वेळा सोयीचा विचार होतो. हिशेबनीसाला किंवा इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्याला तो तसाच जाणवला असेल, कारण त्याची पत्रे आणि तक्ते पूर्वीचेच राहिले, फक्त ते कुठूनही उघडता येऊ लागले. पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या संपादनात वर्षे घालवल्यावर मला मात्र या बदलाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मराठीच्या बाबतीत या स्थलांतरात मजकूर संगणकात कसा साठवला जातो हेच बदलले, आणि त्याचे परिणाम अजून आपण पुरते लक्षात घेतलेले नाहीत.

1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकसारख्या कंपन्यांनी मराठीला संगणकावर आणण्याचे जे काम केले, त्याचे ऋण मोठे आहे. आयएसएम, श्रीलिपी, आकृती ही नावे ज्याने कधी मुद्रितशोधन केले आहे त्याला परिचयाची असतील. खिळ्यांच्या जुळणीनंतर मराठी छपाई या सॉफ्टवेअरांवर उभी राहिली. जुळणी करणारा ऑपरेटर ती पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडीने वापरत असे, आणि अनेक ठिकाणी संगणकाच्या मागे एक छोटे कुलूप, म्हणजे डाँगल, लावल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. छापील पान सुंदर निघत असे, आणि त्या काळी गरज छापील पानाचीच होती.

या फाँटांची रचना समजून घेतली म्हणजे पुढचा सगळा प्रश्न स्पष्ट होतो. संगणकाला तेव्हा एका फाँटमध्ये 256 जागा ठाऊक होत्या आणि त्या प्रामुख्याने रोमन अक्षरांसाठी होत्या. मराठी फाँट करणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवले. सगळी जोडाक्षरे एवढ्या जागांत मावणे शक्यच नव्हते, म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले, आणि कित्येक फाँटांत अर्धा ‘ग’ आणि काना एकमेकांशेजारी ठेवून पूर्ण ‘ग’ तयार होत असे. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधीच साठवली जाई, आणि रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून तो नंतर. त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलीत मराठी नव्हतीच, तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची एक निरर्थक माळ होती, जिला एका विशिष्ट फाँटचे रूप दिल्यावर माणसाला मराठी दिसे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचा चुराडा होई. तीनशे पानी पुस्तकात एखादे नाव कुठे कुठे आले आहे हे शोधण्यासाठी सूची करणाऱ्याला प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागे, आणि शब्दांची अकारविल्हे मांडणीही हातानेच होई.

यावरचा उपाय अस्तित्वात नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक 1991 मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या मानकाची पहिली आवृत्ती निघाली, जिच्यात देवनागरी वर्णांना स्वतःचे क्रमांक होते. विंडोज 2000 मध्ये देवनागरीची सोय आणि मंगल हा फाँट आला. विंडोज एक्सपीवर ती सोय सुरू करण्यासाठी बहुतेक वेळा विंडोजची सीडी शोधून घालावी लागे, हे ज्यांनी केले आहे त्यांना आठवत असेल. पण छपाईच्या जगाला युनिकोडचा काही उपयोग नव्हता, कारण पेजमेकरला ते कळत नव्हते, आणि 2001 मधली 7.0 ही त्याची शेवटची आवृत्ती ठरली. स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या फाँटमध्ये सगळे नीट चालले असताना कोणी बदल का करावा?

तो दबाव वेबने आणला. पान पुन्हा न उघडता पडद्यामागे सर्व्हरशी बोलण्याची सोय 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये आली, एप्रिल 2004 मध्ये जीमेल सुरू झाले, 2005 मध्ये या तंत्राला एजॅक्स हे नाव मिळाले, आणि 2006 मध्ये गूगलने रायटली ही ब्राउझरमध्ये लिहिण्याची सेवा विकत घेऊन त्यातून गूगल डॉक्स उभे केले. अशा सेवेत लिहिलेला मजकूर वाचणाऱ्याच्या संगणकावर कोणता फाँट आहे, याची खात्री कोणालाच देता येत नाही. सुरुवातीच्या मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी वाचकाला आपापला फाँट उतरवून घ्यायला लावून पाहिले, पण पत्र, शोध, नकाशा, कागद अशा दहा ठिकाणी एकच मजकूर फिरू लागल्यावर ते टिकणारे नव्हते. मजकूर फाँटपासून सुटा असणे ही वेबची अट होती, आणि ती पाळताना मराठी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर युनिकोडमध्ये लिहिली जाऊ लागली.

माझ्या कामातला फरक सांगायचा तर आज न्यू जर्सीत राहणारा लेखक आपला लेख ऑनलाइन लिहितो, त्याच प्रतीवर संपादक शंका नोंदवतो आणि मुद्रितशोधक शुद्धलेखन तपासतो, आणि तिघांनाही कोणत्या वेळी काय बदलले हे मागे जाऊन पाहता येते. पूर्वी तोच लेख कागदावर येई, ऑपरेटर तो पुन्हा टंकत असे, आणि त्या टंकनात शिरलेल्या नव्या चुका काढण्यात प्रुफांच्या दोन फेऱ्या जात. एकट्या या सुधारणेसाठीही मी या बदलाचे मनापासून स्वागत करेन.

पानाची मांडणी मात्र अजून आपल्या संगणकावर बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच होते, आणि तिथे 2012 हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी आलेल्या, अडोबी कंपनीच्या इनडिझाइन सीएस 6 या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी युनिकोडची व्यवस्थित सोय झाली. पेजमेकरच्या जुन्या फायली उघडण्याची सोय तिथपर्यंतच राहिली. आणि 2013 मध्ये अडोबीने भाडेपद्धती जाहीर केल्यामुळे कायमची विकत घेता येणारी शेवटची आवृत्तीही तीच ठरली. दिवाळी अंकाचे मांडणीचे काम साधारण श्रावणापासून दसऱ्यापर्यंत चालते. वर्षाचा करार केला तर उरलेल्या महिन्यांचे भाडे भरत राहावे लागते आणि महिन्यापुरते घेतले तर दर चढा पडतो. लहान प्रकाशनांवरचा हा भार खरा आहे, आणि ऑनलाइन सेवांचे कौतुक करताना तो लपवू नये. सेवा बंद होण्याची शक्यताही तितकीच खरी आहे. बातम्या आणि ब्लॉग एकत्र वाचण्याची गूगल रीडर ही सेवा लाखो लोकांच्या वापरात असताना जुलै 2013 मध्ये बंद झाली. तरीही मला फरक असा दिसतो की आज सेवा बंद पडली, तर आधी उतरवून ठेवलेला युनिकोड मजकूर कोणत्याही दुसऱ्या साधनात वाचता येतो. डाँगलच्या काळात सॉफ्टवेअर आपल्या मालकीचे होते, पण ते गेले की मजकूरही हातचा जाई.

म्हणूनच मला सर्वाधिक काळजी वाटते ती साधारण 1990 ते 2010 या वीस वर्षांत जुळवलेल्या मराठीची. कथासंग्रह, कोश, नियतकालिकांचे अंक आजही सीडींवर आणि बंद पडलेल्या डीटीपी केंद्रांच्या डिस्कवर पडून आहेत. त्यांचे रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यासाठी मूळ फाँट नेमका कोणता हे माहीत असावे लागते, आणि ते सांगू शकणारे ऑपरेटर आता निवृत्तीच्या वयाला आले आहेत. प्रकाशकांनी नवी आवृत्ती निघण्याची वाट न पाहता हे काम आताच हाती घ्यावे.

रूपांतर झाल्यावर तपासणी मात्र माणसानेच करावी लागते. पहिली वेलांटी आणि रफार चुकीच्या अक्षरावर सरकलेले असतात, म्हणून जोडाक्षरानंतर वेलांटी असलेले शब्द मी आधी पाहतो. ‘दुसऱ्या’मधला आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो आणि एका प्रकाराने शोधल्यास दुसरा सापडेलच असे नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक 2008 मध्ये मिळाला, त्यामुळे त्याचीही दोन रूपे चलनात आहेत. संपूर्ण फाइलीत यांचे एकच रूप करून घ्यावे, मग साध्या मजकुराची एक प्रत, मांडणीसह एक पीडीएफ, आणि मूळ फाँटचे नाव लिहिलेली जुनी फाइल, अशा तिन्ही एकत्र, ऑनलाइन आणि आपल्याजवळच्या डिस्कवरही ठेवाव्यात.