एफ/२२चं आभाळ

नोव्हेंबरात नागपूरचं आभाळ निर्दोष असतं. पाऊस आवरलेला, धुकं अजून यायचंय, आणि फुटाळा तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की झाडांच्या शेंड्यांपासून डोक्यापर्यंत एकसारखा निळा रंग. कॅमेरेवाल्याचं पितळ उघडं पडतं ते अशाच आभाळाखाली. वाघाच्या फोटोत जो ठिपका पट्ट्यांत दडतो, लग्नाच्या फोटोत शालूच्या बुट्ट्यांत मिसळून जातो, तो निळ्यावर असा उठून दिसतो की लोक आपुलकीने विचारतात, "घार आहे का हो ही?" घार नसते. धूळ असते, आणि ती आभाळात नसून कॅमेऱ्याच्या पोटात असते.

धुळीचं आम्हा नागपूरकरांना नवल नाही. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. सिमेंटचे रस्ते, मेट्रो, उड्डाणपूल, कुठे ना कुठे खोदकाम चालूच. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आणि त्यांची राख, उमरेडकडे कोळसा. त्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की हवा इतकी कोरडी होते की केस कंगव्यामागे धावतात. त्याच स्थिर विजेला कॅमेऱ्यातली काचही अपवाद नाही. कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून लेन्स बदला, असं जाणकार बजावतात ते उगाच नाही.

फिल्मच्या काळात ही भानगड नव्हती. धूळ तेव्हाही आत शिरायचीच, पण दर फोटोला फिल्म पुढे सरकायची आणि तिच्यावर बसलेला कण तिच्याबरोबर रोलमध्ये गुंडाळला जायचा. फार तर एक फोटो नासायचा. डिजिटलमध्ये मात्र सगळे फोटो एकाच सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी बसून प्रकाश टिपणाऱ्या चिपवर. एकदा बसलेला कण साखरपुड्याला हजर, लग्नाला हजर, बारशालाही त्याच कोपऱ्यात हजर. सख्ख्या मावसभावांचीही आमच्या अल्बमात एवढी हजेरी नाही.

खरं म्हणजे सेन्सरला स्वतःला धूळ लागतच नाही. त्याच्या पुढे फिल्टरच्या काचा असतात, कण बसतो सगळ्यात वरच्या काचेवर, आणि फोटोत येते ती त्याची सावली. ट्यूबलाइटखाली टेबलावर हात धरा, सावली पसरट आणि फिकी पडते. तोच हात मोबाइलच्या टॉर्चपुढे धरा, बोटं मोजता येतील. अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाचं, तेच. एफ/२.८ला प्रकाश रुंद भोकातून येतो, कणाची सावली पसरते आणि विरून जाते. एफ/२२ला तो बारीक भोकातून येतो, सावली गोळा होते आणि काळी पडते. या दोन टोकांत सावलीच्या कडेच्या पसरटपणाचा फरक जवळजवळ आठपट आहे. म्हणून पेंच-ताडोबात लांब लेन्स लावून एफ/५.६ला फोटो काढणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता नसतो की आपण आत काय घेऊन हिंडतोय.

पत्ता लावायची रीत सोपी आहे, आणि घातकी. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सगळ्यात कमी, अ‍ॅपर्चर एफ/२२, फोकस हाताने पार बिघडवून ठेवायचा, आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढताना कॅमेरा मुद्दाम हलवायचा. भिंतीवरचे पोपडे, खिळे, चुकार पाल, सगळं पुसट होतं. जे कॅमेऱ्याबरोबर हललं तेवढंच जागच्या जागी उमटतं. मग कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट वाढवायचा. पडद्यावर जे येतं ते पाहून भल्याभल्यांना त्या रात्री जेवण गोड लागत नाही.

मला मात्र ही ओळखपरेड आवडते. सुटे, गोल, काळे ठिपके म्हणजे साधी धूळ. माझ्या कॅमेऱ्यातली निम्मी तरी उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यातली असावी, असा माझा दाट संशय आहे. पुढची जिप्सी वाघाची खबर लागून सुसाट निघाली की मागच्यांना वाघाआधी मुरूम भेटतो, आणि नेमकी तेव्हाच कुणाला तरी लेन्स बदलायची हुक्की येते. वाकडेतिकडे धागे दिसले तर ते कपड्यांचे, नाहीतर कूलरचे. एप्रिलात कूलरला नव्या ताट्या बसवल्या की सुरुवातीला त्यातला भुसा घरभर उडतो. जो वरणात सापडतो त्याला सेन्सर काय लांब? तिसरा प्रकार वाईट. कडेला गडद आणि मधे फिकट असं कडं दिसलं की समजायचं, हा कण नाही, थेंब वाळलेला आहे. वर्षानुवर्षं चालणाऱ्या शटरच्या तेलाचाही असा डाग पडतो, पण बरेचदा तो कुणीतरी तोंडाने फुंकर मारल्याचा पुरावा असतो. सीताबर्डीच्या एका दुकानात गल्ल्यावरच्या काकांनी माझ्यादेखत एका गिऱ्हाइकाचा हात धरला होता. "चष्मा होय का तो, भाऊ? थुंकी उडते नं तोंडातून." हवेच्या दाबाचे जे डबे मिळतात त्यांनाही काका उभं करत नाहीत, आणि बरोबरच आहे. डबा जरा तिरपा झाला की आतला द्रव काचेवर फवारला जातो.

सफाईचा मुहूर्त माझ्या मते श्रावण. पेंच-ताडोबाच्या कोअरचे दरवाजे बंद झालेले असतात, पावसाने हवा धुतलेली असते, दमटपणामुळे स्थिर विजेचा जोर ओसरलेला असतो. आणि जागा म्हणजे बाथरूम. पडदे नाहीत, गाद्या नाहीत, सतरंज्या नाहीत. घरभर धागे उडवणारं काहीच तिथे नसतं. पंखा बंद, दार बंद, कोरडा स्टूल, त्यावर कॅमेरा. आईला हे चमत्कारिक वाटतं.

"काय करून राहिला रे एवढ्या वेळचा आत?"

"धूळ काढून राहिलो."

"बाथरूममध्ये कुठून आली धूळ?"

"नाही आली म्हणून तर इथे बसलो."

यावर ती टॉर्च घेऊन आत येते, कारण आमच्या घरातली धूळ हा तिचा प्रांत आहे आणि त्यात कुणी परस्पर कारभार केलेला तिला चालत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असावी लागते. डीएसएलआरमध्ये, म्हणजे सेन्सरपुढे मिरर (आरसा) असलेल्या कॅमेऱ्यात, मेनूतून सफाईचा मोड लावला की तो मिरर वर जातो, शटर उघडतं, आणि हे सगळं धरून ठेवायला करंट लागतो. बॅटरी मधेच संपली तर मिरर धाडकन खाली, मग आत काय घातलेलं आहे ते तो पाहत नाही. मिररलेसवाल्यांना मिररची भीती नाही, पण त्यांच्यातल्या पुष्कळांचा सेन्सर लेन्स काढल्याक्षणी उघडाच असतो, म्हणून धुळीला तर आग्रहाचं निमंत्रण. तर, झाकण निघतं आणि आई आत टॉर्च मारते. फुल फ्रेम सेन्सर म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा चौकोन. त्यावर आधी हिरवट झाक येते, टॉर्च हलला की जांभळी, मग सगळे रंग एकदम.

"मला तर काहीच दिसून नाही राहिलं. चकचकीत तर आहे."

मलाही दिसत नाही. फोटोत जो घारीएवढा होता तो कण मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा असतो, त्याला नुसता डोळा पुरत नाही. त्यामुळे हिशेबाने जावं लागतं. समोरून सेन्सरकडे पाहताना डावं-उजवं फोटोसारखंच राहतं, वर-खाली उलटं होतं. फोटोत घार वर डावीकडे असेल तर कण खाली डावीकडे. हे आईला सांगितलं तर तिने टॉर्च माझ्या तोंडावर मारून खात्री करून घेतली, की मी बरा आहे ना.

ब्लोअर म्हणजे रबरी फुगा आणि पुढे नळी. तो आधी दोनचार वेळा हवेत दाबायचा, नाहीतर त्याच्या पोटातलीच धूळ आपण आत सोडतो. मग कॅमेरा पालथा धरून खालून वर हवा मारायची. नळी माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, आत न्यायची नाही, हे एकच पथ्य. निघालेला कण आपल्या वजनाने खाली पडतो. बहुतेकांचं काम इथेच भागतं. कॅमेरे स्वतःही अंग झटकतात म्हणा. २००३ साली ऑलिंपसच्या ई-१ने पुढची काच अल्ट्रासॉनिक कंपनांनी थरथरवून धूळ पाडायची युक्ती आणली आणि पडलेली धूळ धरायला खाली चिकट पट्टी ठेवली. मग बाकीच्यांनीही आपापल्या परीने ते सुरू केलं. पण दमट हवेत चिकटून बसलेला कण अशा थरथरीला दाद देत नाही.

अशा कणासाठी स्वॅब, म्हणजे टोकाला मऊ कापड असलेली पट्टी. फुल फ्रेमला २४ मिलिमीटर रुंदीचा, एपीएस-सी या लहान सेन्सरला १६चा, म्हणजे एका फेरीत पूर्ण काच. टोकावर द्रवाचे दोन थेंब, जास्त नाही. जास्त झाले की कडेला ओघळ वाळून नवीन डाग. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता, भाकरी थापणाऱ्या हाताचा जोर न लावता. मग स्वॅब उलटा करून दुसऱ्या बाजूने परत. आणि फेकून द्यायचा. इथे जिवावर येतं, कारण स्वॅब स्वस्त नसतो, पण पहिल्या फेरीत उचललेला मुरूम दुसऱ्या फेरीत काचेवर घासणं त्याहून महाग. कानाचे बड चालत नाहीत का, हा प्रश्न ठरलेला आहे. विदर्भात कापसाला तोटा नाही, पण सेन्सरपाशी त्याचा एक धागाही नको.

एवढं सगळं झाल्यावर माणूस पुन्हा एफ/२२ला भिंतीचा फोटो काढतो, आणि नव्या जागी नवा ठिपका दिसतो. मग पुन्हा लेन्स काढतो. लेन्स काढली की पुन्हा हवा आत, हवेबरोबर आणखी कोणीतरी. या चक्रात अडकलेली चांगली चांगली माणसं मला ठाऊक आहेत. गंमत अशी, की एफ/२२ला त्यांच्यापैकी कुणी फोटो काढत नाही. एवढ्या बारीक भोकाच्या कडांवर प्रकाशच वाकून पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो, म्हणून शहाणा माणूस निसर्गाच्या फोटोलाही एफ/११च्या आसपास थांबतो. म्हणजे जिथे आपण कधी जातच नाही तिथला पंचनामा करून घरी झोप उडवून घ्यायची. मी भिंतीचा फोटो आता एफ/११लाच काढतो. त्यात दिसलं तरच बाथरूम गाठायचं. एखादा चुकार ठिपका कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये पुसला जातो, त्यासाठी काच घासणं मला पटत नाही.

यंदा वर उजवीकडे एक फिकट ठिपका उरलाय. राहू दे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत फोटो काढायचे असतात आणि तिथे निळं आभाळ शोधूनही सापडत नाही. विजेच्या तारा, बॅनर, गॅलऱ्यांतून लोंबणारी माणसं आणि या सगळ्यांच्या वर मारबत, म्हणजे पिडा घालवायला मिरवणुकीने नेतात तो भलामोठा पुतळा. खबरदारी एकच, घरून लावून नेलेली झूम लेन्स तिथे उतरवायची नाही. काळी मारबत आणि पिवळी मारबत समोरासमोर आल्या की इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, हा ओरडा होतो. त्यात दरवर्षी ज्याला जे सलतं ते तो घालतो, कुणी महागाई, कुणी खड्डे. मीही आपलं घालून घेतो, सेन्सरवरची धूळ घेऊन जा गे मारबत! शेजारचा पोरगा वळून विचारतो, "कोणाची धूळ, काका?" पण त्याला अ‍ॅपर्चर समजावत बसलो तर पिवळी पुढे निघून जाईल.