होल्झमाडेनच्या काळ्या खाणीत

स्टुटगार्टला कामानिमित्त आलेली आपली मंडळी सुट्टीला ब्लॅक फॉरेस्ट गाठतात, नाहीतर मर्सिडीजचं म्युझियम. होल्झमाडेनचं नाव सहसा कोणी काढत नाही. लोकलने किर्खहाइम, पुढे बस. श्वेबिश आल्ब डोंगररांगेच्या पायथ्याचं साधंसुधं खेडं.

इथल्या जीवाश्मांच्या हाउफ म्युझियममध्ये सगळे आधी इक्थिओसॉरकडे (माशासारखे दिसणारे, नामशेष झालेले समुद्री सरीसृप) धावतात, आणि धावावंच. पोटात पिल्लं असलेली मादी, कुठे कातडीची काळी कडसुद्धा शाबूत. मी मात्र रेंगाळलो ते समुद्रलिलींच्या भिंतीपुढे. सुमारे 100 चौरस मीटरची शिळा, तिच्यात 12 मीटरचा ओंडका आणि त्याला घोसाने लगडलेल्या लिली. नाव फुलाचं, पण हे तारामाशाच्या गोतातले प्राणी. त्यांचे कितीतरी भाऊबंद समुद्रतळाला चिकटून राहत. हे तरंगत्या लाकडाला लटकून जगले, कारण तळाशी ऑक्सिजनच नव्हता. लाकूड बुडालं, तसे तेही गेले.

हे सगळं सुमारे 18 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीचं. आजच्या दक्षिण आफ्रिका-अंटार्क्टिकाच्या बाजूला ज्वालामुखींनी प्रचंड लाव्हा ओकला, कार्बन डायऑक्साइड वाढला, समुद्र तापले. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात नद्यांनी जमिनीवरचं खतपाणी आणून ओतलं, शेवाळ माजलं आणि ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपला. (आपल्या अरबी समुद्रातही साधारण 200 ते 1000 मीटर खोलीवर असा ऑक्सिजन नसल्यातच जमा असलेला पट्टा आहे.) तळावरच्या कित्येक जाती संपल्या. वर पोहणाऱ्यांचं बरं चाललं होतं. मेल्यावर ते खाली आले की कुरतडायला तिथे कोणी नव्हतं, म्हणून कातडीसकट टिकले.

शेजारच्या ओमडेनच्या खाणीत हातोडा-छिन्नी भाड्याने मिळते. काळ्या दगडाची पाटी उकलली की घासलेटसारखा वास येतो. थर इतके पातळ, की नखानेही सुटावेत. चिखलात किडे वळवळले असते, तर हे थर केव्हाच विस्कटले असते. मी किती पाट्या उलटसुलट करून पाहिल्या, एक बीळ दिसेल तर शपथ! अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, माकूळच्या गोतातले नामशेष प्राणी) सापडले तर नेता येतात, मोठं हाड दिसलं तर मात्र खाणवाल्याला सांगायचं. मला मिळाले ते सगळे अमोनाइटच, पार चपटे झालेले. तेही पोहणारेच.

जाणार असाल तर टोपी आणि पाणी विसरू नका, खाणीत सावली औषधालाही नाही.