आमची वाटचाल : सेटिंग्ज कुठे ठेवायच्या?

आमचं बिलिंगचं वेब ॲप्लिकेशन एकाच ग्राहकापुरतं होतं, तोवर सगळ्या सेटिंग्ज पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका फाइलमध्ये होत्या. तेवढ्या पसाऱ्याला ते पुरेसं होतं, आजही पुरेल. ग्राहक वाढले तशी प्रत्येकाची फाइल वेगळी झाली. काही गोष्टी ॲडमिन पॅनेलमधून बदलता याव्यात म्हणून डेटाबेसमध्ये टेबल आलं. पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या व्हॅल्यूंमध्ये, गेले. प्रत्येक बदल त्या त्या वेळी रास्तच होता, पण एखादी व्हॅल्यू नेमकी कुठून येते हे सांगायला दर वेळी कोड उघडावा लागू लागला. तेव्हा सगळी मांडणी नव्याने करायला घेतली.

सुरुवात यादीपासून केली. कोडमध्ये जिथे जिथे सेटिंग वाचली जाते ती प्रत्येक जागा शोधून पुढे तीन गोष्टी लिहिल्या : ही कोण बदलतं, बदलल्यावर रीस्टार्ट चालेल का, आणि बाहेर फुटली तर काय होईल. एवढ्यावरच वाटणी होते. डेटाबेसचा होस्ट, पोर्ट, कॅशचा (पटकन वाचण्यासाठी ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतीचा) पत्ता या डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे एका ठिकाणी बसवलेल्या ॲप्लिकेशनच्या, सेटिंग्ज. बिल क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं, मुदतीचे दिवस, लोगो या ग्राहकाच्या. पासवर्ड आणि एपीआयच्या (बाहेरच्या सेवा वापरण्याच्या) चाव्या तिसऱ्या. उरतात त्या कुणीच न वाचणाऱ्या किंवा कधीच न बदलणाऱ्या. पहिल्या पुसायच्या, दुसऱ्या कोडमध्ये कॉन्स्टंट करायच्या.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा आग्रह बहुतेक २०११ च्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या तत्त्वांमधून येतो. पण तिथे कॉन्फिग म्हणजे एका डिप्लॉयमेंटपासून दुसऱ्यात बदलणाऱ्या गोष्टी. ग्राहकाच्या सेटिंग्ज त्यात बसत नाहीत. शिवाय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते, चालू प्रोसेसला (प्रोग्रॅमला) बाहेरून केलेला बदल दिसत नाही, आणि तिने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसलाही सगळं वारशाने मिळतं.

ग्राहकाच्या सेटिंग्जच्या टेबलात खरी मेख व्हॅल्यूच्या साठवणीत आहे. पीएचपीचं सिरियलाइझ (डेटा साठवण्याजोग्या मजकुरात बदलणारं फंक्शन) प्रत्येक स्ट्रिंगआधी तिची लांबी बाइटमध्ये लिहितं. ‘नमस्ते’ असं साठवलं तर पुढे १८ हा आकडा येतो : हलंत आणि मात्रा धरून सहा चिन्हं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. आता कुणी थेट एसक्यूएल चालवून पत्त्यातल्या ‘एचटीटीपी’चं ‘एचटीटीपीएस’ केलं, की मजकूर एका बाइटने वाढतो, आकडा जुनाच राहतो आणि वाचताना अख्खी व्हॅल्यू हातची जाते. म्हणून आम्ही जेसन (डेटा लिहिण्याची एक रचना) कॉलम घेतला. त्यात संख्या संख्याच राहते, बूलियन (खरं की खोटं) बूलियनच. साध्या टेक्स्ट कॉलममध्ये ‘फॉल्स’ हा शब्द स्ट्रिंग म्हणून परत येतो, आणि ती रिकामी नसल्याने पीएचपी, पायथन, जावास्क्रिप्ट तिन्हींत खरी ठरते. बंद केलेली सुविधा चालूच राहण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

युनिक इंडेक्सचाही (दोन ओळी सारख्या होऊ न देणाऱ्या बंधनाचाही) एक सापळा आहे. सर्वांना लागू असलेल्या ओळीत ग्राहक क्रमांक नल (व्हॅल्यूच नाही असा) ठेवला, तर ग्राहक आणि नाव या जोडीवरचा युनिक इंडेक्स तशा दोन ओळी मुकाट्याने स्वीकारतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसांत. पोस्टग्रेस १५ पासून नल समान धरण्याची सोय आहे. आम्ही मात्र सर्वसामान्य व्हॅल्यू त्या टेबलातून काढूनच टाकल्या आणि कॉलम ‘नॉट नल’ केला.

त्या व्हॅल्यू कोडमधल्या नोंदवहीत गेल्या, आणि आमच्या मते टेबलापेक्षा ही नोंदवहीच महत्त्वाची. प्रत्येक सेटिंगचं नाव, टाइप, डिफॉल्ट, किमान-कमाल मर्यादा, ती कुठल्या पातळीवर बदलता येते आणि गुप्त आहे का, हे सगळं एकाच ठिकाणी. एकक नावातच असतं : ‘सेशन टाइमआउट मिनिटं’. नुसत्या ३० वरून सेकंद की मिनिटं हे कळत नाही. सेटिंग वाचणाऱ्या फंक्शनला डिफॉल्ट पाठवायची मुभाच नाही, कारण ती दिली की एका ठिकाणी १५ आणि दुसरीकडे ३० दिवस होतात. नाव चुकलं तर एरर येते. ॲप्लिकेशन सुरू होताना सगळं तपासलं जातं, आणि त्रुटी एकेक न दाखवता एकदमच दाखवल्या जातात. टेबलात ओळ नसेल तर डिफॉल्ट. ओळ आहे पण व्हॅल्यू रिकामी, म्हणजे ग्राहकाने ती मुद्दाम रिकामी ठेवली आहे. या दोहोंची गल्लत झाली की ग्राहकाने पुसलेली तळटीप बिलावर पुन्हा छापली जाते.

ग्राहकाच्या सर्व सेटिंग्ज एकाच क्वेरीत वाचून कॅशमध्ये ठेवतो. जुनी कॅश ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच, म्हणजे डेटाबेसमधला बदल पक्का झाल्यावरच, पुसायची. आधी पुसली तर मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस जुनी ओळ वाचून तीच परत भरते. एका रिक्वेस्टभर एकच प्रत वापरायची, नाहीतर अर्धं बिल जुन्या दराने आणि अर्धं नव्याने निघेल. क्यू वर्कर (रांगेतली कामं करणाऱ्या प्रोसेस) तासन्‌तास चालत असतात, त्यांनी प्रत्येक कामाच्या सुरुवातीला ताजी प्रत घ्यावी.

ग्राहकाचे ईमेल सर्व्हरचे पासवर्ड एईएस-२५६-जीसीएम या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेले असतात आणि चावी डेटाबेसबाहेर. फॉर्ममध्ये ठिपके दिसतात; सेव्ह करताना तेच ठिपके पासवर्ड म्हणून साठवले जाण्याचा प्रकार फार सर्रास आढळतो. त्यामुळे ती चौकट रिकामीच ठेवावी, आणि रिकामी आली तर बदल नाही असं धरावं. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) एकदा गेलेला पासवर्ड फाइलमधून काढून भागत नाही, तो इतिहासात राहतो. बदलावाच लागतो.

स्थलांतर करताना आधी दोन्हीकडे लिहायला लागायचं, मग जुना डेटा नव्यात भरायचा. वाचन काही काळ जुन्या जागेवरूनच. नवी व्हॅल्यू शेजारी काढून फरक लॉगमध्ये टाकायचा, गुप्त सेटिंग असेल तर नुसतं नाव. बरेच फरक ‘१’ आणि ‘ट्रू’ अशा जातीचे निघतात. फरक थांबले की वाचन नव्याकडे वळवायचं, पण दोन्हीकडचं लिखाण तसंच ठेवायचं, म्हणजे आवृत्ती मागे घ्यावी लागली तरी जुन्या कोडला ताजा डेटा मिळतो. नंतर जुन्याकडचं लिखाण थांबवून त्या टेबलावरचे लिहिण्याचे अधिकार काढायचे. विसरलेली एखादी क्रॉन स्क्रिप्ट (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) अजून त्यात लिहीत असेल तर तेव्हाच ओरडते. टेबल ड्रॉप करायचं ते त्याच्याही पुढच्या आवृत्तीत.